तीन दिवसांचे फ्लॉरेन्स : पैसा कुठे घालावा, कुठे वाचवावा

युरोपातल्या एखाद्या जुन्या शहराची छोटी सहल ठरली की घरोघरी वही-पेन निघते आणि पहिली काट मारली जाते ती संग्रहालयांच्या तिकिटांवर. ‘एवढे पंचवीस युरो कशाला, बाहेरूनच बघू’ असे म्हटले जाते. इटलीतल्या फ्लॉरेन्सपुरते तरी हे गणित चुकीचे आहे, आणि ते आकड्यांनीच दाखवता येते. खाली दिलेले दर 2025 च्या हंगामातले आहेत. कार्डाचे शुल्क आणि बँकेच्या दरातला फरक धरून मी एक युरो 110 रुपयांना पकडला आहे.

दोघांसाठी, नोव्हेंबर महिन्यात, चार रात्री आणि तीन पूर्ण दिवस असा हिशेब करू. मुंबईहून एका थांब्याचे जाऊन-येऊन विमान माणशी साधारण 65,000 रुपये, म्हणजे दोघांचे 1,30,000. व्हिसा, अर्जकेंद्राचे सेवाशुल्क आणि प्रवासविमा मिळून दोघांचे 26,000 च्या आसपास. तीन तारांकित हॉटेलची खोली रात्रीला 110 युरो धरली, तर शहराच्या करासकट चार रात्रींचे 54,000. जेवणखाण माणशी रोज 45 युरो, म्हणजे चार दिवसांचे जवळपास 40,000. रोमहून रेल्वेने येण्या-जाण्याचे 19,000, गावातल्या ट्राम-बसचे दोनेक हजार. आणि ज्यासाठी जायचे ती सगळी तिकिटे? दोघांची मिळून 20,000 पेक्षा थोडी कमीच. एकूण बेरीज 2,90,000 च्या घरात जाते.

या बेरजेत तिकिटांचा वाटा शेकडा सातही नाही. उलट विमान आणि व्हिसा मिळून निम्म्याहून जास्त पैसे फ्लॉरेन्सला पाऊल ठेवण्याआधीच गेलेले असतात. तेव्हा तीन लाखांच्या सहलीत तीन-चार हजार वाचवायला मिकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ न बघता परत येणे म्हणजे लग्नाला जाऊन जेवायचे राहून जाणे. दुसरे असे की, तिथे एक दिवस जास्त राहण्याचा खर्च दोघांना 23,000 च्या आसपास येतो. विमानावर खर्च झालेलाच आहे. त्यामुळे ‘दोन दिवसांत उरकू’ हा बेत खिशाच्या दृष्टीनेही शहाणपणाचा नाही.

महिना आणि व्हिसा

खरी बचत होते ती तारखांत. आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी हा तिथला ऐन हंगाम. एप्रिल ते ऑक्टोबर याच खोलीला दीडशे ते अडीचशे युरो मोजावे लागतात, विमानही माणशी पंधरा-वीस हजारांनी चढते. वरच्या हिशेबाचे तेच जोडपे मे महिन्यात गेले तर पावणेचार लाखांपर्यंत सहज पोहोचते. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरात येत असेल तर तो मुहूर्त उत्तम. थोडा पाऊस आणि लवकर पडणारा अंधार सोसावा लागतो, पण रांगा निम्म्या होतात. जानेवारी-फेब्रुवारी त्याहून स्वस्त. मुलांची शाळा नसलेल्यांनी, निवृत्त मंडळींनी तर हेच महिने धरावेत. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नये. नदीकाठच्या त्या दगडी खोलगट शहरात तेव्हा फार उकाडा असतो.

शेंगेन व्हिसाचे शुल्क जून 2024 पासून प्रौढांना 90 युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 45 युरो आहे. सहा वर्षांखालच्यांना ते माफ आहे. अर्ज नाकारला गेला तरी पैसे परत मिळत नाहीत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात दोन महिने हाताशी ठेवा. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडेच अर्ज करायचा. विमा किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा हवा. बँकेचे स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रे आणि नोकरदारांना रजेचे पत्र लागते. हॉटेल मात्र या टप्प्यावर विनाशुल्क रद्द करता येणारेच घ्या. दोन-चार युरो स्वस्त मिळते म्हणून परत न मिळणारे बुकिंग करणारे व्हिसा लांबला की अडकतात.

पोहोचायचे कसे

मुंबईहून फ्लॉरेन्सला थेट विमान नाही. दोन वाटा आहेत. पॅरिस, फ्रँकफर्ट किंवा झुरिकला विमान बदलून फ्लॉरेन्सच्या छोट्या विमानतळावर उतरायचे, किंवा रोमला उतरून रेल्वे धरायची. पहिल्या वाटेने उतरलात तर दारातूनच टी2 ट्राम मिळते, 1.70 युरोंत वीसेक मिनिटांत गावात. दुसऱ्या वाटेने रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी स्थानकापर्यंत ‘लिओनार्दो एक्स्प्रेस’चे 14 युरो आणि पुढे दीड तासाची वेगवान गाडी. तिचे तिकीट आधी काढले तर तीस युरोंच्या आसपास मिळते, आयत्या वेळी पन्नास-साठ युरोंना पडते. म्हणजे रोममार्गे माणशी जाऊन-येऊन 88 युरो, सुमारे 9,700 रुपये. सरळ कसोटी अशी : फ्लॉरेन्सपर्यंतचे विमान रोमपेक्षा दहा हजारांपर्यंतच महाग असेल तर तेच घ्या. बॅगा ओढण्याचा त्रास आणि अर्धा दिवस दोन्ही वाचतात. रेल्वेच्या संकेतस्थळावर गावाचे नाव ‘फिरेन्झे’ असे शोधावे लागते आणि उतरायचे ते ‘सांता मारिया नोव्हेल्ला’ स्थानकावर.

भाड्याच्या मोटारीचा विचारच करू नका. जुन्या गावात बाहेरच्या वाहनांना बंदी आहे आणि नाक्यानाक्यावर कॅमेरे आहेत. दंडाची नोटीस महिन्यांनंतर घरी येते, वर मोटार देणारी कंपनी आपले शुल्क वेगळे लावते.

हॉटेल शोधताना स्थानकापासून सांता क्रोचे चर्चपर्यंतचा भाग पाहावा. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत अर्धा तास लागत नाही. गावाबाहेर वीस युरो स्वस्त मिळणारी खोली ट्रामच्या तिकिटांत आणि पायपिटीत तेवढ्यालाच पडते. शहराचा कर खोलीच्या दरात धरलेला नसतो. तीन तारांकित हॉटेलात माणशी रात्रीला 6 युरो निघताना वेगळे द्यावे लागतात.

तीन तिकिटे

फ्लॉरेन्सला इतके सारे एका जागी का टिकले, याचे एक कारण 1737 सालच्या एका करारात आहे. मेदिची घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुइझा हिने घराण्याचा सगळा कलासंग्रह पुढच्या राज्यकर्त्यांच्या हवाली केला तो एका अटीवर, की यातले काहीही फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. त्या अटीचे फळ म्हणजे उफ्फिझी संग्रहालय. बोत्तिचेल्लीची ‘व्हीनसचा जन्म’ आणि ‘प्रिमावेरा’ ही चित्रे, लिओनार्दोचे ‘अनन्सिएशन’, काराव्हाज्जोची ‘मेडुसा’ एकाच छताखाली. तिकीट 25 युरो, आगाऊ नोंदणीचे 4. सकाळी पहिली वेळ घ्या आणि तीन तास राखून ठेवा.

‘डेव्हिड’ अकादेमिया संग्रहालयात आहे. तिकीट 16 युरो, नोंदणीचे 4. सिन्योरिया चौकात उभी असलेली मूर्ती ही 1910 साली बसवलेली प्रतिकृती. मूळ मूर्ती 1873 मध्येच आत नेली. पाच मीटरहून उंच संगमरवरातल्या त्या उजव्या हाताच्या मनगटावरच्या शिरा पाहिल्या की फोटोवर भागत नाही हे पटते. इथे तासभर पुरतो. या दोन्ही ठिकाणी अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे, कोणत्याही देशाचे असोत. पासपोर्ट दाखवायचा आणि नोंदणीशुल्क भरायचे. मुले बरोबर असलेल्या कुटुंबाला ही सवलत मोठी आहे आणि दलाल ती कधी सांगत नाहीत.

तिसरे तिकीट कॅथेड्रलचे. कॅथेड्रलमध्ये शिरायला पैसे पडत नाहीत, पण 30 युरोंचा ‘ब्रुनेल्लेस्की पास’ घेतला की घुमट, जोत्तोचा मनोरा, बाप्तिस्मागृह आणि संग्रहालय असे सगळे तीन दिवसांत पाहता येते. घुमटाची वेळ ठरवून घ्यावी लागते आणि ती नंतर बदलत नाही. 1420 ते 1436 या काळात ब्रुनेल्लेस्कीने हा घुमट खालून लाकडी आधार न देता, दोन कवचांचा बांधला. 463 पायऱ्या चढताना आपण त्या दोन कवचांच्या मधूनच जातो. भिंत एका बाजूने कलत अंगावर येते, समोरून कुणी आले तर अंग चोरून उभे राहावे लागते. वाटेत वासारी आणि झुक्कारी यांनी रंगवलेला ‘अंतिम न्याय’ हाताच्या अंतरावर दिसतो. लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी किंवा कोंदट जागेची भीती वाटणाऱ्यांनी हा पास घेऊ नये. त्यांच्यासाठी 15 युरोंचा ‘गिबेर्ती पास’ आहे. त्यात संग्रहालय येते, जिथे लिफ्ट आहे आणि गिबेर्तीचे मूळ ‘स्वर्गाचे दरवाजे’, दोनातेल्लोची लाकडातली मॅग्डालेन आणि मिकेलअँजेलोने म्हातारपणी घडवलेली ‘पिएता’ शांतपणे पाहता येते. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी निःशंक हाच घ्यावा.

ही तिकिटे संग्रहालयांच्या अधिकृत संकेतस्थळांवरच काढा. नावात साधर्म्य असलेली डझनभर संकेतस्थळे पन्नास-साठ युरोंना तेच विकतात. खूण सोपी आहे : मूळ दर अधिक 4 युरो यापेक्षा रक्कम जास्त दिसली की पान बंद करायचे. उफ्फिझी आणि अकादेमिया सोमवारी बंद असतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट, पण तीन दिवसांच्या पाहुण्याने त्या रांगेत सकाळ घालवणे परवडत नाही.

जेवणखाण आणि फुकटचे वैभव

कॉफी काउंटरशी उभ्याने घेतली तर दीड युरोच्या आत, चौकातल्या खुर्चीवर बसून घेतली तर पाच युरो. बसून जेवलात की बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दीड ते तीन युरो लागतात. तो रिवाज आहे, हुज्जत घालू नका. त्यावर वेगळी टिप द्यायची गरज नाही. शाकाहारींचे इथे अडत नाही. ‘रिबोल्लिता’ हे पाव, घेवडा आणि पालेभाजीचे दाट सूप, ‘पाप्पा अल पोमोदोरो’ हे टोमॅटो-पावाचे मऊ प्रकरण, पास्ता तर आहेच. फक्त सूप मांसाच्या पाण्यात शिजवले आहे का ते विचारा. ‘लांप्रेदोत्तो’ म्हणजे गाईचे पोट, हे गाडीवर मागवण्याआधी लक्षात असू द्या. इथल्या पावात मीठ नसते, त्यामुळे पहिला घास अळणी लागतो. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. नळाचे पाणी पिण्याचे आहे आणि सिन्योरिया चौकात नेपच्यूनच्या कारंज्याजवळ बाटली भरून घेता येते.

कार्डाने पैसे देताना यंत्र ‘रुपयांत की युरोंत’ विचारते, तेव्हा नेहमी युरो. रस्त्यावरच्या नकली ब्रँडच्या पिशव्या घेऊ नका. इटलीत विकत घेणाऱ्यालाही दंड होतो.

सिन्योरिया चौकातली शिल्पांची ओसरी, 1345 चा पोंते वेक्किओ पूल, टेकडीवरचे सान मिनियातो चर्च आणि त्याखालचा मिकेलअँजेलो चौक, हे सारे विनामूल्य आहे. आणि मराठी माणसाने चुकवू नये असे एक ठिकाणही. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी याच शहरात वारले, अवघे वीस वर्षांचे. अर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचे हिंदू पद्धतीने दहन झाले. 1874 साली तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा उभारला गेला. शेजारच्या पुलाला आजही गावकरी ‘इंदियानो’चा पूल म्हणतात. जागा कासिने बागेच्या पश्चिम टोकाला आहे. टी1 ट्रामने बागेशी उतरून नदीकाठाने पाऊण तास चालावे लागते. मंगळवारी सकाळी बागेत मोठा आठवडी बाजार भरतो, तेव्हा दोन्ही जमते. अंधार पडल्यावर मात्र तिकडे जाऊ नये.

क्रम असा ठेवा : आधी महिना, मग रद्द करता येणारे हॉटेल, मग व्हिसा. पासपोर्ट हाती आला त्याच दिवशी घुमटाची वेळ, ‘डेव्हिड’ आणि उफ्फिझी ही तिकिटे काढून टाका. हंगामात घुमटाच्या वेळा सर्वांत आधी संपतात.