महामारीतील शासकीय मदत आणि यादीतील आपले नाव

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. दुसऱ्या दिवसापासून कारखाने, दुकाने, बांधकामे थांबली. रोजच्या कमाईवर ज्यांची चूल पेटते, त्यांची कमाई एका रात्रीत बंद झाली. करोनाच्या त्या काळात शासनाने कुटुंबांना व धंद्यांना कोणती मदत केली, ती कोणत्या वाटेने गेली आणि कोणापर्यंत पोहोचली नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात आपण करणार आहोत. विद्यार्थ्यांनी हा केवळ अर्थशास्त्राचा धडा समजू नये. घरातील शिधापत्रिका व बँकेचे पासबुक समोर ठेवून तो वाचावा, अशी आमची विनंती आहे.

कुटुंबांना मदत

२६ मार्च २०२० रोजी केंद्र शासनाने १ लाख ७० हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तीत दोन गोष्टी मुख्य होत्या. पहिली, अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीतील सुमारे ८० कोटी लोकांना नेहमीच्या धान्याखेरीज माणशी दरमहा ५ किलो तांदूळ किंवा गहू मोफत. दुसरी, जनधन खाते असलेल्या सुमारे २० कोटी महिलांना तीन महिने दरमहा ५०० रुपये. मोफत धान्य आरंभी तीन महिन्यांसाठी होते. पुढे त्याची मुदत वाढत गेली आणि मध्ये काही महिन्यांचा खंड पडून ते डिसेंबर २०२२ पर्यंत चालले.

आता एक साधा हिशेब करू. समजा, घरात पाच माणसे आहेत. परंतु लग्न होऊन आलेल्या सुनेचे आणि लहान मुलाचे नाव शिधापत्रिकेवर चढविलेले नाही. पाच जणांना २५ किलो मिळावयाचे, तेथे तिघांचे १५ किलोच मिळणार. म्हणजे दरमहा १० किलो धान्य केवळ एक अर्ज न भरल्यामुळे गेले.

पत्रिका हाती असली तरी भागते असे नाही. महाराष्ट्रात केशरी पत्रिका असूनही अन्नसुरक्षेच्या यादीत नसलेली पुष्कळ कुटुंबे होती. त्यांना राज्य शासनाने मे व जून २०२० साठी माणशी ३ किलो गहू ८ रुपये दराने आणि २ किलो तांदूळ १२ रुपये दराने दिला. शेजारच्या घरी जे धान्य फुकट मिळे, त्यासाठी यांना माणशी ४८ रुपये मोजावे लागले. पत्रिकेचा रंग एकच, फरक यादीचा.

ज्यांची पत्रिका गावी आणि पोट शहरात, त्यांचे हाल सर्वांत अधिक झाले. पत्रिका नसलेल्या स्थलांतरित मजुरांसाठी माणशी ५ किलो धान्य देण्याची घोषणा १४ मे रोजी झाली. तोवर टाळेबंदीला पन्नास दिवस लोटले होते आणि असंख्य मजूर पायी गावाकडे निघाले होते.

धंद्यांना मदत

धंद्यांना मिळालेली मदत मुख्यतः कर्जाच्या रूपात होती. मे २०२० मध्ये लहान व मध्यम उद्योगांसाठी ३ लाख कोटी रुपयांची, शासनाची हमी असलेली कर्जयोजना आली. तारण लागत नव्हते, ही तिची चांगली बाजू. परंतु २९ फेब्रुवारी २०२० रोजी जेवढे कर्ज बाकी होते, त्याच्या २० टक्क्यांपर्यंतच नवे कर्ज मिळे. ज्याने बँकेची पायरीच कधी चढली नव्हती, त्या चर्मकाराला किंवा शिवणकाम करणाऱ्या भगिनीला तीत जागा नव्हती.

फेरीवाल्यांसाठी १ जून २०२० रोजी स्वनिधी योजना सुरू झाली. १० हजार रुपये कर्ज आणि वेळेवर फेड केल्यास व्याजात ७ टक्के सवलत. येथेही पालिकेचे ओळखपत्र, प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र आवश्यक होते. एप्रिल २०२१ मध्ये राज्य शासनाने ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली. तीत बांधकाम कामगार, घरकामगार व फेरीवाले यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. मात्र या तिन्ही शब्दांआधी 'नोंदणीकृत' हा शब्द होता.

हप्ता पुढे ढकलणे म्हणजे माफी नव्हे

१ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत कर्जाचे हप्ते न भरण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली. अनेकांनी ती माफी समजली. १ लाख रुपये कर्जावर वर्षाला १२ टक्के व्याज धरा. सहा महिन्यांचे सरळ व्याज ६,००० रुपये. दरमहा चक्रवाढीने सुमारे ६,१५२ रुपये. शासनाने पुढे २ कोटींपर्यंतच्या कर्जदारांना या दोहोंतील फरक, म्हणजे १५२ रुपये, परत केला. ६,००० रुपये ज्याचे त्यालाच भरावे लागले. म्हणून कोणतीही सवलत घेताना 'व्याज थांबते की चालूच राहते?' हा प्रश्न प्रथम विचारावा.

यातून घ्यावयाचा बोध

शासनाची मदत आधीपासून तयार असलेल्या याद्यांच्या वाटेने जाते. संकटाच्या दिवशी नवी वाट बांधता येत नाही. यात सारा दोष लोकांचा आहे, असे आम्ही म्हणत नाही. अन्नसुरक्षेच्या यादीची मर्यादा २०११ च्या जनगणनेवरून ठरली. त्यानंतर वाढलेली माणसे २०२० मध्ये हिशेबात नव्हती. याद्या वाढविणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि ते मागणे हा नागरिकांचा अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये, एकाच पत्रिकेवर देशात कोठेही धान्य मिळण्याची योजना सर्व राज्यांनी ३१ जुलैपर्यंत अमलात आणावी, असा आदेश दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली. म्हणजे या गोष्टी करता येण्याजोग्या होत्या. त्या आधी झाल्या असत्या तर कित्येकांची पायपीट वाचली असती.

आमच्या मते प्रत्येक वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी वर्षातून एक रविवार या कामाला द्यावा. घरोघर जाऊन शिधापत्रिकेवरील नावे, चालू बँक खाते आणि कामगार नोंदणीची मुदत एवढे तीनच कागद तपासावेत. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, त्याला तो लिहून द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून परतू नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१) आपल्या घरातील किती माणसांची नावे शिधापत्रिकेवर आहेत? कोणाचे राहिले आहे व का?
२) अनुदान, कर्ज आणि हप्त्याची मुभा यांतील फरक प्रत्येकी एका उदाहरणाने सांगा.
३) तुमच्या वस्तीतील कोणत्या कामगारांची कोठेच नोंद नाही? त्यांची यादी करा.