काउंटरवरची माणसं आणि घरबसल्या एम.ए.

प्रश्न : मी जालना जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. वय 36. मराठी घेऊन बी.ए. केलं, त्याला चौदा वर्षं झाली. काउंटरवर रोज माणसं बघते. बायकोचं गंठण गहाण ठेवायला येणारे, हप्ता थकला की रस्ता बदलून जाणारे. ही माणसं अशी का वागतात, हे नीट शिकावंसं वाटतं. दूरशिक्षणातून एम.ए. करायचं आहे. मैत्रीण म्हणते मानसशास्त्र घे, पुढे समुपदेशक होशील. भाऊ म्हणतो समाजशास्त्र घे, सोपं असतं. एका जाहिरातीत ‘ह्यूमन सायन्सेस’ असं वाचलं, तो आणखी वेगळा विषय आहे का?

उत्तर : शेवटच्या शंकेपासून सुरुवात करू. ‘ह्यूमन सायन्सेस’ हे घराण्याचं आडनाव आहे. मानसशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र ही त्या घरातली भावंडं. आपल्याकडे या घराला ‘मानव्यविद्या व सामाजिकशास्त्रे’ म्हणतात. त्यामुळे जाहिरातीत नुसतं आडनाव दिसलं, तर विषयाचं नाव विचारा. पदवी त्याच नावाची मिळते. (काही जण याला गृहविज्ञान समजतात. ते होम सायन्स, त्याचा इथे संबंध नाही.)

आता तुमच्याच काउंटरवरचं गंठण घेऊ. नवरा ते गहाण ठेवतोय आणि बायको शेजारी गप्प उभी आहे. मानसशास्त्र शिकलेला माणूस त्या बाईच्या गप्पपणाकडे बघेल. तिला कसली भीती आहे, निर्णय घेताना तिच्या मनात काय चालतं, हे विचारेल. समाजशास्त्र शिकलेला त्या एका बाईवर थांबणार नाही. तो तुमची रजिस्टरं मागेल. सोनं बाईचं आणि कर्ज पुरुषाचं अशी किती प्रकरणं आहेत, ती कोणत्या महिन्यांत वाढतात, पेरणीच्या की लग्नसराईच्या, कोणत्या थरातली माणसं पतसंस्थेत येतात आणि कोणती अजून सावकाराकडेच जातात, हे तो तपासेल. मानववंशशास्त्र शिकलेला तुमच्या गावात खोली घेऊन राहील. गंठण म्हणजे इथे नेमकं काय समजतात, ते गहाण पडल्यावर बाई गळ्यात काय घालते, सोडवून आणल्यावर घरात काय करतात, हे तो वर्षभर बघत राहील. दागिना तोच असला तरी प्रश्न तीन झाले. यातला कोणता प्रश्न घरी गेल्यावरही तुमचा पिच्छा सोडत नाही, तो तुमचा विषय. मैत्रीण आणि भाऊ यांच्या सल्ल्याचा क्रमांक त्यानंतर लागतो.

मैत्रिणीच्या सल्ल्यात तर आता एक मोठी अडचण आहे. 2025च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केले आहेत. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी 2021 साली जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्याच्या कक्षेत हा विषय येतो, हे त्याचं कारण. तेव्हा यापुढे कुणी ‘घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी’ म्हणून फॉर्म पुढे केला, तर पैसे काढू नका. मला हा निर्णय पूर्ण पटलेला नाही. ज्यांना रुग्ण तपासायचे नाहीत, नुसतं मन समजून घ्यायचं आहे, त्यांचाही दरवाजा त्यात लागला. पण एका बाबतीत तो नियम सावध करतो. नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येतं, हा समज पूर्वीही खोटाच होता. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला, प्रत्यक्ष हजर राहून करायचा अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते.

भावाचं ‘सोपं असतं’ हे वाक्य मी चाळीस ठिकाणी ऐकलं आहे. समाजशास्त्र सोपं वाटतं, कारण त्यातले शब्द ओळखीचे असतात : जात, कुटुंब, विवाह, गाव. वर्गात निदान शिक्षक ‘तुम्हाला वाटतं ते सोडा, दाखवा’ म्हणून टोकतात. दूरशिक्षणात टोकणारं कुणी नाही, म्हणून माणूस पेपरात आपली मतं लिहून येतो आणि गुण कमी पडले की विद्यापीठाला नावं ठेवतो. समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र किती जवळचे आहेत, तेही बघा. मुंबई विद्यापीठात 1919मध्ये समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला. गृहस्थ मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि पुढे नगररचनाकार. त्यांच्यानंतर आलेल्या गो. स. घुर्यांच्या हाताखाली इरावती कर्वे शिकल्या. इरावतीबाई नात्यागोत्यांचा अभ्यास करत आणि माणसांची शारीरिक मापंही घेत हिंडल्या. त्यांना समाजशास्त्रज्ञ म्हणावं की मानववंशशास्त्रज्ञ, हे ठरवत बसायची गरज त्यांनी कुणाला ठेवली नाही. या दोन विषयांमधलं कुंपण इतकं बुटकं आहे.

तरी दूरशिक्षणापुरता फरक पडतो. मानववंशशास्त्रात माणसाचं शरीर, हाडं, उत्क्रांती हाही भाग असतो, आणि खरं शिक्षण क्षेत्रकार्यात होतं. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, या विषयात एम.ए. देतं, पण पुस्तकं इंग्रजीत आहेत. मराठी बी.ए.नंतर चौदा वर्षांनी एकदम इंग्रजीतून कवटीची मापं वाचायची, हा दुहेरी चढ आहे. जमणार नाही असं मी म्हणणार नाही, पण निम्मी शक्ती शब्दकोशात जाईल. इग्नूचा समाजशास्त्राचा एम.ए. इंग्रजी आणि हिंदीत आहे. मराठीतून शिकायचं तर आधी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडे बघा. 1989 साली राम ताकवले यांच्या कुलगुरुपदाखाली ते उभं राहिलं, तेच मुळी तुमच्यासारख्या नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांसाठी. मुंबई आणि शिवाजी विद्यापीठांचेही दूरशिक्षण विभाग आहेत. कोणत्या सत्रात कोणत्या विषयाला मान्यता आहे, याची यादी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण ब्यूरोच्या संकेतस्थळावर असते. विद्यापीठ मान्यताप्राप्त असूनही एखादा विषय यादीत नसतो, म्हणून विषयाच्या ओळीपर्यंत खाली जाऊन बघा. आणि ‘वन सिटिंग’मध्ये पदवी देतो म्हणणारे जे फलक तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर लागतात, त्यांच्या जिन्याची पायरीही चढू नका.

माझं मत विचाराल तर समाजशास्त्र घ्या. क्षेत्रकार्यासाठी लोकांना गाव शोधावं लागतं. तुमच्यासमोर ते रोज साडेदहाला रांग लावून उभं राहतं. फक्त खातेदारांची नावं आणि आकडे वहीत उतरवू नका, ती पतसंस्थेची आणि त्यांची गोष्ट आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. पुढे प्राध्यापकीसाठीची नेट-सेट द्यावीशी वाटली तर खुल्या गटाला एम.ए.ला 55 टक्के लागतात, एवढं पहिल्या वर्षापासून डोक्यात असू द्या.

वेळेचा हिशेब तुम्ही माझ्याहून चांगला कराल, पण मांडून दाखवतो. एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचा अभ्यास. एम.ए.चे 80 श्रेयांक धरले, तर 2,400 तास. दोन वर्षांत संपवायचं म्हणजे आठवड्याला 23 तास. मार्चअखेर सांभाळणाऱ्या कॅशियरला हे झेपणार नाही. इग्नूत हाच एम.ए. चार वर्षांपर्यंत लांबवता येतो, इतर ठिकाणीही कमाल मुदत आधी विचारून घ्या. गृहपाठ मात्र स्वतः लिहा. इग्नूत त्याला 30 टक्के भार आहे आणि झेरॉक्सच्या दुकानात ते ‘सोडवलेले’ विकत मिळतात. विकतचं उत्तर उतरवून काढायलाही तीन तास लागतातच.

आता फॉर्म. प्रवेशाआधी एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी आणि दूरशिक्षण ब्यूरोचा डीईबी आयडी काढावा लागतो. दोन्हीकडे आधारवरचं नाव येतं. तुमच्या दहावीच्या आणि बी.ए.च्या कागदांवर बहुधा माहेरचं नाव असेल, आधारवर सासरचं. फॉर्म नेमका इथे अडकतो, आणि तोही शेवटच्या तारखेला. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत आजच शोधून ठेवा, आणि पदवीवर कोणतं नाव हवं, तेही फॉर्म भरण्याआधी ठरवा.