तोंडी इंग्रजीची तयारी : सायकलच्या अनुभवापासून

उच्च शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील अनेक तरुण-तरुणींना ‘आयईएलटीएस’ ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तिचा तोंडी भाग ११ ते १४ मिनिटांचा असतो. प्रारंभीचे प्रश्न घर, गाव, शाळा, बालपण अशा नित्याच्या विषयांवर असतात. ‘लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का?’, ‘तुमच्या भागात सायकल लोकप्रिय आहे का?’ हे त्यांपैकीच होत. प्रश्न साधे असले तरी व्याकरण चोख येणारा ग्रामीण उमेदवारही येथे अडखळतो. आपल्या वाडीवस्तीवरील जीवनात इंग्रजीत सांगण्याजोगे काही नाही, अशी त्याची समजूत झालेली असते. ती दूर करणे हे शिक्षकाचे पहिले कार्य आहे.

गुण कशाला मिळतात?

बोलण्यातील ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांवर परीक्षक गुण देतात. सायकल स्वतःची होती की शेजाऱ्याची, यावर गुण अवलंबून नसतात. ‘नव्हती’ हे उत्तरही तितकेच चांगले. मात्र तेथेच थांबू नये. तासाच्या भाड्याने आणलेली सायकल, दांडीखालून पाय घालून मारलेले अर्धे पायडल, फुटलेला गुडघा, कॅरिअरवर बांधलेला वैरणीचा भारा ही सर्व उत्तराची सामग्रीच आहे.

समजा, तासगाव तालुक्यातील एका विद्यार्थिनीने उत्तर दिले : ‘येस, आय हॅड सायकल. इट वॉज व्हेरी नाइस.’ एवढ्या उत्तरावरून तिला किती इंग्रजी येते हे परीक्षकाला कळत नाही. आता तिने खरी हकिगत सांगितली असे मानू : ‘नो, आय डिडन्ट हॅव वन ऑफ माय ओन. माय ग्रँडफादर हॅड अ बिग ब्लॅक बायसिकल, अँड आय लर्न्ट टू राइड ऑन इट. आय कुडन्ट रीच द सॅडल, सो आय पुट वन लेग अंडर द क्रॉसबार अँड पेडल्ड दॅट वे.’ आजोबांची मोठी काळी सायकल, सीटपर्यंत न पोहोचणारे पाय आणि त्यावर काढलेली युक्ती, एवढेच यात आहे. शब्द सोपे आहेत. परंतु प्रत्येक वाक्य पुढच्या वाक्याला जन्म देते. सुसंगती म्हणतात ती हीच.

मराठी भाषकांनी जपावयाच्या गोष्टी

१. आपण मोटार ‘चालवतो’ आणि सायकलही ‘चालवतो’. इंग्रजीत मोटारीसाठी ‘ड्राइव्ह’ व सायकलसाठी ‘राइड’ हे क्रियापद आहे. ‘सायकल शिकलो’ याचे शब्दशः भाषांतर ‘आय लर्न्ट सायकल’ असे न करता ‘आय लर्न्ट टू राइड अ बायसिकल’ म्हणावे.

२. ‘जात असे’, ‘जायचो’ हा मराठीतील रीती भूतकाळ इंग्रजीत ‘यूज्ड टू गो’ असा येतो. बालपणाच्या आठवणींत त्याची वारंवार गरज पडते. एकदाच घडलेल्या गोष्टीसाठी मात्र साधा भूतकाळ वापरावा : ‘वन डे आय फेल ऑफ.’

३. मराठीत ‘अ’, ‘द’ यांसारखी उपपदे नसल्याने ती बोलताना गळतात. प्रथम उल्लेखाला ‘अ बायसिकल’, पुन्हा तिच्याविषयी बोलताना ‘द बायसिकल’ हा नियम बहुतेक ठिकाणी पुरतो.

४. ‘डबलसीट’ हा आपला शब्द परदेशी श्रोत्याला कळेलच असे नाही. ‘टू ऑफ अस रोड ऑन वन बायसिकल’ असे उलगडून सांगावे.

५. मराठीतील एका ‘व’च्या जागी इंग्रजीत दोन ध्वनी आहेत. ‘व्हिलेज’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकावेत. ‘वर्क’ म्हणताना ओठ गोल करावेत. देवनागरीत लिहिलेला उच्चार हा केवळ आधार होय. खरा उच्चार ऐकूनच शिकावा.

लोकप्रियतेचा प्रश्न

येथे मत, कारण आणि काळानुसार झालेला बदल अशा तीन पायऱ्या घ्याव्यात. ‘मोस्ट पीपल इन आवर व्हिलेज यूज्ड टू सायकल टू वर्क. नाउ दे राइड मोटरसायकल्स. बट सम गर्ल्स स्टिल सायकल टू स्कूल, बिकॉज इट इज फोर किलोमीटर्स अवे.’ पूर्वीची गरज, आजची मोटरसायकल आणि तरीही चार किलोमीटरवरील शाळेसाठी सायकल घेणाऱ्या मुली, असा हा क्रम आहे. तुलनेसाठीही दोन्ही जिल्ह्यांत भरपूर वाव आहे. मिरज-सांगलीकडील सपाट कृष्णाकाठी सायकल सहज चालते. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कासकडे जाणाऱ्याला मात्र चढ चांगलाच जाणवतो. भूगोलाचे हे ज्ञान ‘इझिअर दॅन’, ‘स्टीपर दॅन’ अशा तुलनेच्या रूपांचा सराव करून घेते.

इतिहासही हाताशी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलच्या दुकानाने झाला. पुढे लोखंडी नांगराकडे वळलेल्या या उद्योजकाने १९१० मध्ये तत्कालीन औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसविली. पलूस परिसरातील विद्यार्थ्याने ही माहिती दोन वाक्यांत सांगितल्यास त्याचे उत्तर इतरांहून निराळे ठरेल.

सरावाची पद्धत

शिक्षकांनी तयार उत्तर लिहून देऊ नये. पाठ केलेले उत्तर ओळखण्याचे शिक्षण परीक्षकांना मिळालेले असते; शिवाय प्रश्न थोडा बदलला की पाठांतर कोलमडते. प्रथम विद्यार्थ्याला आपली आठवण मराठीतच सांगू द्यावी. तीतील चार-पाच क्रियापदे फळ्यावर इंग्रजीत लिहावीत. मग कागद न पाहता तीच आठवण इंग्रजीत सांगावयास लावावी. मध्येच चूक दाखवून ओघ तोडू नये. बोलणे संपल्यावर दोनच चुका सांगाव्यात आणि पुन्हा बोलू द्यावे. मोबाइलवर आवाज मुद्रित करून ऐकल्यास आपली चूक विद्यार्थ्याला स्वतःलाच उमगते.

ग्रामपंचायतींनाही यात वाटा उचलता येईल. वाचनालयाची खोली आठवड्यातून एक तास उपलब्ध करून दिली आणि गावातील एखाद्या निवृत्त शिक्षकाला विनंती केली, तर फारसा खर्च न होता संभाषण वर्ग उभा राहतो. शहरातील शिकवणीचे शुल्क न परवडणाऱ्या मुलामुलींना त्याचा मोठा आधार होईल. पहिल्या तासाला विषय कोणता घ्यावा, याचा विचार करीत बसण्याचे कारण नाही. वाचनालयाच्या भिंतीला टेकवलेली सायकल त्यासाठी पुरेशी आहे.