शिवारातल्या पाण्याचा हिशेब



ग्रामविकास म्हटले की डोळ्यांपुढे डांबरी रस्ता, विजेचे खांब, नवी शाळाखोली येते. ही कामे हवीतच. रस्ता झाला की आजारी माणूस वेळेवर दवाखान्यात पोचतो. पण मला विचाराल, तर कोरडवाहू गावाचा विकास पाण्यापासून सुरू होतो. हजेरीपट मी भरतो. विहिरी आटल्या की मुलींच्या नावापुढे गैरहजेरी वाढते. का, ते त्यांच्या डोक्यावरचा हंडाच सांगतो.

आता थोडे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे 1 लिटर पाणी पडले. एका हेक्टरात 10,000 चौरस मीटर असतात. तेव्हा 400 मिलिमीटर पावसात एका हेक्टरावर 40 लाख लिटर पाणी पडते! मग उन्हाळ्यात टँकर का लागतो? कारण उघड्या माळावरचे पाणी थांबत नाही. चांगली माती घेऊन ते ओढ्याने पळून जाते.

हे पाणी हिवरे बाजारने अडवले. हे गाव अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात आहे. पाऊस बेताचा, म्हणून लोक कामासाठी गाव सोडून जात. 1990 च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने श्रमदान केले. डोंगरउतारावर समपातळी चर खोदले, झाडे लावली, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. चरांत पाणी थांबले, जमिनीत मुरले आणि विहिरींना उतरले. चारा वाढला, तसे दूधही वाढले. बाहेर गेलेली कुटुंबे परत आली.

पण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. पाणी आले म्हणून त्यांनी ते उधळले नाही. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, असा नियम केला. पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला. आधी माणसांचे व गुराढोरांचे पिण्याचे पाणी, मग उरेल तसे पीक. नाहीतर एकाच्या उसाला पाणी आणि दहा घरांना टँकर, याला विकास कोण म्हणेल?

करून पाहा :
1. शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मीटरमध्ये मोजा. 400 मिलिमीटर पावसात त्यावर किती लिटर पाणी पडेल?
2. तुमच्या घरी रोज किती हंडे पाणी लागते? ते कोण आणते?

उत्तरे वहीत लिहून मला दाखवा. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत आपण ती वाचून दाखवू. मोठ्यांनाही हिशेब कळू द्या!