मनोरुग्णसेवेचे पहिले वर्ष

आमच्या हाताखालून गेलेली एक विद्यार्थिनी गेल्या वर्षी मनोरुग्णांच्या इस्पितळात सामाजिक कार्यकर्ती म्हणून रुजू झाली. तिने बी. एड. करून आमच्यासारखाच खडू हाती धरावा अशी वडिलांची इच्छा होती. महिन्याअखेर ती भेटली तेव्हा पगाराची गोष्ट निघालीच नाही. म्हणाली, "सर, पेशंट बोलतात हो, घरची माणसे बोलत नाहीत."

या पदास लागणारे शिक्षण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात सांगितले आहे : समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम. फिल. अभ्यासक्रम, त्यात देखरेखीखाली रुग्णसेवेचा अनुभव. पुढे राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी. वाट लांब आहे, हे पालकांनी आधीच ध्यानात घ्यावे.

डॉक्टर औषध लिहून देतात. ते घरी कोण देते आणि मध्येच का सुटते, हे शोधणे या कार्यकर्त्याचे काम. नवख्याच्या वाट्यास प्रथम रुग्णाची हकिगत लिहून घेणे येते. घरात मिळवते कोण, आजार केव्हा दिसू लागला, त्याआधी काय घडले? प्रश्न साधे, पण उत्तरे फिरवलेली. घरात लग्नाची मुलगी असली की भावाचा आजार 'अशक्तपणा' होतो. (आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांतही हे घडते, उगीच लाजण्यात अर्थ नाही.) कागद भरण्याच्या घाईत प्रश्नांची सरबत्ती केली की घर मिटते.

दुसरी कसोटी दर्ग्याची. मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. बाहेरची बाधा समजून हिंदू-मुसलमान दोघेही रुग्णांस तेथे आणतात. हे सारे बंद पाडावे असे शिकून आलेल्या तरुणास वाटते. आम्हांसही एके काळी वाटे. परंतु २००८ च्या सुमारास तेथे 'दवा-दुआ' उपक्रम सुरू झाला. मुजावरांस आजाराची लक्षणे समजावून देण्यात आली, दर्ग्याशीच तपासणीची सोय झाली, आणि दुआ घ्या, दवाही घ्या, असे मुजावरच सांगू लागले. घरच्यांनी डॉक्टरांचे ऐकले नसते, ते मुजावरांचे ऐकले.

साखळीशी मात्र तडजोड नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खासगी मनोरुग्णगृहास आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. २८ जीव गेले. आता कायद्याने रुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई आहे. तरीही घरभेटीत खाटेस बांधलेला मुलगा दिसतो. त्याच्या आईस गुन्हेगार ठरवून काय साधणार? रात्री तो विहिरीकडे धावतो म्हणून तिने बांधलेले असते. कायदा सांगावा, पण त्याच दिवशी इस्पितळात जागाही मिळवून द्यावी. ज्यांना कोठे विचारावे हे सुचत नाही, त्यांच्यासाठी २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे. तो अहोरात्र चालतो.

त्या विद्यार्थिनीने एका घरी चार खेपा केल्या. दर खेपेस चहा मिळाला, माहिती नाही. पाचव्या खेपेस आजीबाई हळूच म्हणाल्या, "गोळीने पोराला सकाळी जाग येत नाही ग, कारखान्यात उशीर होतो. म्हणून मीच गोळी बंद केली." तिने हे डॉक्टरांच्या कानावर घातले, आणि त्यांनी गोळीची वेळ व मात्रा बदलून दिली.