झाडाच्या पाण्याचा जमाखर्च

27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकून पडली होती. त्याच परिसरात मे महिन्यात जाल, तर जमीन कोरडी ठणठणीत असते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तरीही बदलापूरचे जांभूळ ऐन उन्हाळ्यात हिरवेगार दिसते, कारण त्याची मुळे खोलवर साठलेल्या ओलाव्यापर्यंत पोचलेली असतात.

पण हा साठा भरलाच नाही तर? जालना जिल्ह्यात सरासरी पाऊसच सुमारे सातशे मिलिमीटर. 2012 साली पावसाने ओढ दिली, विहिरी आटल्या आणि 2013 च्या उन्हाळ्यापर्यंत मोसंबीच्या हजारो हेक्टर बागा वाळल्या. कित्येक शेतकऱ्यांनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगवण्याची धडपड केली. ज्वारी बुडाली तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते; मोसंबीचे झाड गेले तर नवे झाड फळांवर येण्यास चार-पाच वर्षे लागतात. म्हणून दुष्काळात आधी झाडाचा जीव, मग फळ.

अशा झाडाला रोज किती पाणी लागेल? हे गणित तुम्हीही करू शकता. उन्हाळ्यात आपल्याकडे एका चौरस सेंटिमीटर जागेवर दिवसभरात सुमारे 500 कॅलरी सौर ऊर्जा पडते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे 580 कॅलरी लागतात. ही झाली बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता. सगळी ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात गेली, तर 500 भागिले 580, म्हणजे सुमारे 0.86 सेंटिमीटर उंचीचे पाणी एका दिवसात उडेल. चार मीटर व्यासाचा घेर असलेल्या झाडाखालची जागा साडेबारा चौरस मीटर भरते. त्यावरून दिवसाला शंभर लिटरहून थोडे अधिक पाणी झाले. काही ऊर्जा परावर्तित होते, काही हवा तापवते. निम्मीच कामी आली असे धरले, तरी पन्नास लिटर लागतात.

आता समजा, टँकरमधून प्रत्येक झाडाच्या वाट्याला दहाच लिटर येतात. जमा वाढवता येत नाही; तेव्हा खर्च कमी करणे एवढाच मार्ग उरतो. हा खर्च दोन वाटांनी होतो.

पहिली वाट जमिनीतून. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांतून केशाकर्षणाने पाणी वर चढते व पृष्ठभागावरून उडून जाते. जमिनीवर चार बोटे जाडीचा पेंढा, उसाचे पाचट किंवा पालापाचोळा पसरला, तर ऊन मातीपर्यंत पोचत नाही आणि मातीलगतची दमट हवा वाऱ्याने वाहून जात नाही. मात्र हे आच्छादन बुंध्याला टेकवू नये. तेथे ओल राहून साल कुजते. वाळवीवरही लक्ष ठेवावे. तण काढून टाकावे, कारण तेही त्याच पाण्यातले भागीदार असते.

दुसरी वाट पानांतून. पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडते. पाणी कमी पडले की झाड स्वतःच ही रंध्रे मिटते आणि पुढे पानेही गाळते. आपण वाळक्या, रोगट व दाटीच्या फांद्या छाटून त्याला मदत करावी. पण छाटणी बेताचीच हवी; पाने हा झाडाचा अन्नाचा कारखाना आहे, आणि उघड्या पडलेल्या फांद्यांची साल उन्हाने भाजते. त्यासाठी खोडाला बोर्डो पेस्ट लावतात. पानांवर केओलिन या पांढऱ्या मातीचे 8 टक्के मिश्रण फवारले, तर काही ऊन परावर्तित होते. झाडावरची फळेही काढून टाकावी लागतात. शेतकऱ्याच्या जिवावर येणारे हे काम आहे. पण फळे पोसण्यात झाडाची उरलीसुरली शक्ती खर्च होते.

उरले पाणी देणे. रोज वरवर शिंपडलेले पाणी मातीच्या वरच्या थरातूनच उडून जाते. त्यापेक्षा काही दिवसांआड, संध्याकाळी, ठिबकने किंवा झिरपणारी मडकी पुरून पाणी खोल जाऊ द्यावे. तेही बुंध्याशी नव्हे. पाणी शोषणारी कोवळी मुळे पर्णसंभाराच्या घेराखाली पसरलेली असतात, तेथे द्यावे.

हे सारे पडताळून पाहायचे आहे? 20 सेंटिमीटर लांब व 15 सेंटिमीटर रुंद असे दोन सारखे डबे घ्या. दोहोंत सारखी माती भरा, सारखेच पाणी घाला. एकावर पेंढा पसरा. दोन्ही उन्हात ठेवून रोज ठरावीक वेळी वजन करा. डब्याचे तोंड 300 चौरस सेंटिमीटरचे असल्याने 30 ग्रॅम घट म्हणजे 1 मिलिमीटर पाणी उडाले. आठ दिवसांचा आलेख काढा. दोन रेषांमध्ये जे अंतर दिसेल, ते आच्छादनाने वाचवलेले पाणी. मग तुमच्या शाळेच्या आवारातील एखाद्या झाडाचा घेर मोजा आणि हिशेब करा: त्याच्याखाली पाचोळा पसरला, तर मे महिन्यात जमिनीतले किती लिटर पाणी वाचेल?