धुळीआडचे अतिनवतारे आणि अवरक्त खगोलशास्त्रातील करिअर

खगोलशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरात सहसा दोन प्रश्न विचारले जातात: या विषयात शोधण्याजोगे काही उरले आहे का, आणि त्यावर चरितार्थ चालतो का?

पहिल्या प्रश्नाचे ठोस उत्तर धुळीआड दडलेल्या अतिनवताऱ्यांच्या शोधातून मिळते. सूर्याच्या सुमारे आठपटींहून अधिक वस्तुमानाचा तारा आयुष्याच्या अखेरीस आतल्या आत कोसळून फुटतो, तेव्हा त्यास अतिनवतारा किंवा सुपरनोव्हा म्हणतात. असे तारे अल्पायुषी असल्यामुळे अनेकदा आपल्या जन्मस्थानातील वायू आणि धुळीच्या परिसरातच त्यांचा अंत होतो आणि तेथील धूळ स्फोटाचा दृश्य प्रकाश शोषून व विखरून टाकते. अवरक्त किरणांची तरंगलांबी दृश्य प्रकाशाहून अधिक असल्याने ते या धुळीतून बऱ्याच प्रमाणात पार होतात.

याच तत्त्वावर 2014 पासून स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीच्या साहाय्याने ‘स्पिरिट्स’ हे सर्वेक्षण चालले. त्याचे नेतृत्व कॅलटेकमधील भारतीय वंशाच्या खगोलशास्त्रज्ञ मानसी कासलीवाल यांच्याकडे होते. जवळच्या दीर्घिकांची 3.6 आणि 4.5 मायक्रोमीटर तरंगलांबीवर पुन्हा पुन्हा छायाचित्रे घेऊन नव्या चित्रातून जुने चित्र संगणकाने वजा केले, की स्थिर तारे नाहीसे होतात आणि नव्याने उजळलेला बिंदू तेवढा शिल्लक राहतो. सुमारे 2.9 कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एम 108 या दीर्घिकेत 2016 मध्ये असाच एक बिंदू धुळीच्या पट्ट्यावर आढळला. तो बहुधा अतिनवताराच होता. मात्र धुळीने त्याचा दृश्य प्रकाश हजारपटींहून अधिक मंद केल्यामुळे इतक्या जवळचा स्फोटही दृश्य प्रकाशातील शोधमोहिमांच्या नजरेतून निसटला. जवळच्या दीर्घिकांत तारा कोसळून होणाऱ्या स्फोटांपैकी सुमारे 38 टक्के असेच निसटत असावेत, असा अंदाज 2019 मध्ये या सर्वेक्षणातून मांडण्यात आला. नमुना लहान असल्याने त्यातील अनिश्चितता मोठी आहे, आणि ती कमी करण्याचे काम पुढच्या पिढीकडे आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पालकांनी स्पष्टपणे समजून घ्यावे. या शाखेसाठी बारावीनंतर वेगळी पदवी शोधण्याची गरज नाही, भौतिकशास्त्रातील बी.एस्सी. व एम.एस्सी. किंवा आयसर या विज्ञानशिक्षण संस्थांचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम हा तिचा पाया आहे. पीएच.डी. प्रवेशासाठी जेस्ट ही संयुक्त परीक्षा, तसेच टीआयएफआर आणि आयुका-एनसीआरए या संशोधन संस्थांच्या परीक्षा असतात. संशोधनकाळात शिष्यवृत्ती मिळत असल्यामुळे घरावर शुल्काचा मोठा भार पडत नाही. तथापि पीएच.डी.ला साधारण पाच ते सहा वर्षे लागतात, त्यानंतर काही वर्षे बहुधा परदेशात तात्पुरत्या पदांवर काढावी लागतात आणि कायम पदे मोजकीच असतात. ज्या घराला पंचविशीतच स्थिर पगाराची निकड आहे, तेथे हा हिशेब प्रवेशाआधीच मांडला जावा.

हा मार्ग पुढे सोडावा लागला तरी शिक्षण वाया जात नाही, कारण चित्रांच्या वजाबाकीसाठी लागणारे संख्याशास्त्र, पायथनमधील प्रोग्रॅमिंग आणि मशीन लर्निंग यांना उद्योगातही मागणी असते. अभियांत्रिकीकडे कल असलेल्यांसाठी उपकरणनिर्मितीचे दालन आहे: लडाखमधील हानले येथील दोन मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीवरील टिरस्पेक हा अवरक्त वर्णपटमापक मुंबईच्या टीआयएफआरच्या पुढाकाराने तयार झाला. उपकरणाची स्वतःची उष्णताही अवरक्त किरण उत्सर्जित करत असल्याने अशा उपकरणांचे संवेदक अतिशय थंड ठेवावे लागतात. तेथे प्रकाशशास्त्र, शीतकरण आणि इलेक्ट्रॉनिक्स या तिन्हींचे जाणकार हवे असतात.

स्पिट्झर जानेवारी 2020 मध्ये बंद झाली असली, तरी तिची निरीक्षणे इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने एका दीर्घिकेची दोन वेळची चित्रे उतरवून घेऊन स्वतः वजाबाकी करून पाहावी. चुकांनी भरलेली पहिली वजाबाकी सुधारत बसण्यात ज्याचे मन रमते, त्याने हा मार्ग निःशंक धरावा; केवळ आकाशाच्या सुंदर छायाचित्रांमुळे जो या विषयाकडे ओढला गेला आहे, त्याने खगोलशास्त्र छंद म्हणून जोपासावे आणि उपजीविकेसाठी दुसरे क्षेत्र निवडावे.